मागच्या बाकावरचं मौन

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातली कितीतरी मुलं दहावीनंतर एसटीने, लोकलने तळेगाव, वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्याला शिकायला येतात. गावच्या शाळेत धिटाईने बोलणारी मुलगी इथे मागच्या बाकावर गप्प होते. बोली ऐकून कोणी हसलं तर? इंग्रजी उच्चार चुकला तर? लोणावळ्यातल्या मुलांची धास्ती थोडी वेगळी. पावसाळ्यात भुशी धरणावर नटूनथटून रील करणाऱ्या पर्यटकांकडे पाहताना स्वतःचा रंग, कपडे, शरीर सगळंच उणं वाटू लागतं.

हे केवळ मावळापुरतं नाही. एनसीईआरटीने २०२२मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यात २८ टक्के मुलांनी प्रश्न विचारायला संकोच वाटत असल्याचं सांगितलं. साठांच्या वर्गात अशी सोळा-सतरा मुलं होतात.

न विचारलेली शंका तशीच राहते, पुढचा धडा डोक्यावरून जातो, गुण घसरतात आणि ‘मी ढच आहे’ हे मनात पक्कं बसतं.

सगळ्यांचं लक्ष आपल्यावरच आहे, ही भावना या वयात तीव्र असते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७मध्येच ते मांडलं होतं. पुढे थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल, असं त्या विद्यार्थ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो जेमतेम एक चतुर्थांश लोकांनी टिपला. २०००मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग प्रत्येक नववी-दहावीच्या वर्गात सांगायला हवा.

पण सगळा दोष मुलांच्या कल्पनेवर ढकलता येणार नाही. निकालाच्या दिवशी ‘किती टक्के?’ विचारणारे शेजारी, लग्नात ‘किती काळवंडलीस!’ म्हणणारी आत्या, वर्गासमोर गुण वाचून दाखवणारे सर, ही माणसं खरी आहेत. मुलांची भीती तीच खरी ठरवतात.

म्हणून सुरुवात मोठ्यांनी करावी. शिक्षकांनी शंका चिठ्ठीवर, नावाशिवाय घ्याव्यात. चुकलेल्या उत्तरावर वर्ग हसला, तर तिथेच थांबवावं. पालकांनी इतरांच्या मुलांशी तुलना बंद करावी. आणि मूल घुसमटत असेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोलायला त्याला सोबत करावी, तिथे मराठीतूनही बोलता येतं.