केशराच्या गावात चौघी

फ्लॉरेन्सहून बस, पोगिबोन्सीला गाडी बदलायची, मग द्राक्षमळ्यांमधून वर चढत जाणारा रस्ता, की सान जिमिन्यानो आले. तीन वर्षे भिशी लावून आम्ही चौघी मैत्रिणी, चौघीही शिक्षिका, मेच्या सुट्टीत इटलीला गेलो होतो. वर्गात मध्ययुग शिकवून जीभ झिजली, ते एकदा डोळ्यांनी बघायचे होते.

दुरून आधी मनोरे दिसतात. एके काळी 72 होते म्हणतात, आज 14 उरलेत. हे काही किल्ल्याचे बुरूज नव्हेत. श्रीमंत घराण्यांनी एकमेकांच्या ईर्ष्येपायी बांधलेले. अर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची या दोन घराण्यांचे वैर तर पिढ्यान्‌पिढ्यांचे. शेवटी 1255 मध्ये नियम करावा लागला, की नगरसभेच्या मनोऱ्याहून उंच कोणी बांधू नये. मग 1348 चा प्लेग आला, 1353 मध्ये गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच उरला नाही, म्हणून मनोरे वाचले!

त्याआधीची श्रीमंती रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची आणि केशराची. एका दुकानाच्या पाटीवर ‘झाफ्फेरानो’ वाचले आणि आम्हा उर्दूवाल्यांचे पाय थबकले. अहो, हे तर आपले जाफरान! अरबीतून थेट इथवर आलेले. साखर ‘झुक्केरो’, म्हणजे सुक्कर. कापूस ‘कोतोने’, म्हणजे कुतन. गणितवाल्या आपा वैतागल्या, “सुट्टीतही तास घेता का?”

शेजारच्याच दारात रानडुकराचे मुंडके टांगलेले होते. जेवणाची चौकशी आम्ही तिथेच थांबवली. टोमॅटो, घरचे लिंबाचे लोणचे आणि तिथला बिनमिठाचा पाव, यावर दुपार निघाली. त्या पावाला लोणचेच हवे.

चौकातल्या विहिरीच्या काठावर दोरांनी पडलेल्या खोल खाचा आहेत. आपा तिथे पायरीवर बसल्या त्या उठेनात. गुडघा सुजला होता. खोदून विचारले तेव्हा कळले, डॉक्टरांनी जानेवारीतच ऑपरेशन सांगितले होते. बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी विमानाच्या तिकिटात घातले आणि आम्हाला कळूही दिले नाही. आम्ही रोज बरोबर असतो, एका डब्यात जेवतो! राग आला, आणि रागवायला तोंडही नव्हते. सहलीचा हट्ट आमचाच होता.

“तुम्ही वर जाऊन या,” त्या म्हणाल्या. “मी नमाज करून घेते.”

तोर्रे ग्रोस्सा 54 मीटर उंच, पायऱ्या 218. वरून तोस्कानाच्या टेकड्या दिसल्या, सुंदरच दिसल्या. पण आम्ही तिघीही खाली चौकातच बघत होतो. बाटलीच्या पाण्याने वुजू करून आपा बसूनच नमाज पढत होत्या. त्या कोकणी शाफई, जोहर-असर एकत्र करून मोकळ्या झाल्या. आम्ही दोघी हनफी, आमची असर राहिली होती. खाली उतरून त्यांचाच मुसल्ला घेतला.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघींनी ठरवले, पुढच्या भिशीचा पहिला नंबर चिठ्ठी न काढता आपांचा. त्या कबूल होईनात. हिशोब चुकतो, बाकीच्या सभासदांना काय सांगणार, एक ना दोन. पोगिबोन्सी येईपर्यंत वाद चालला. उतरताना मात्र त्यांनी हात पुढे केला, आणि आम्ही तो धरला.