धक्क्याखालचे पाणी

मासेमारीबंदीचे 61 दिवस, म्हणजे 1 जून ते 31 जुलै, ट्रॉलर बांधून ठेवलेले असतात. कुटबण, मालीम, शापोरा येथील धक्क्यांवरची धावपळ थांबते आणि नेमकी याच वेळी तरुण मुले पाण्यात सूर मारावयास पुढे सरसावतात. वर्दळ नाही म्हणजे पाणी निर्धोक, असा त्यांचा समज असावा. वस्तुस्थिती उलट आहे. सह्याद्रीवरून उतरलेले पाणी ओहोटीला मिळते आणि नदीच्या मुखाशी तिची ओढ बेसुमार वाढते. मांडवीच्या मुखावरील अग्वादचा वाळूचा पट्टा पावसाळ्यात असा घातक होतो की, खनिजवाहू बार्जीदेखील तो टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत आल्या आहेत. पोलादी बार्ज जेथे कचरते, तेथे दोन हातांचा काय पाड?

आपल्या वडीलधाऱ्यांना भरतीची वेळ पंचांगावरून सांगता येत असे. तिथीची पाऊणपट करावी : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. हा ठोकताळा आहे, मिनिटाचा हिशेब नव्हे. पण त्यात जीव वाचविणारे शहाणपण आहे. उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. पौर्णिमेच्या दुपारी जेथे दीड पुरुष पाणी होते, तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास जेमतेम मांडीभर उरते. पाणी गढूळ, तळ दिसत नाही आणि मुले जमतात ती सायंकाळीच. डोके खाली करून मारलेल्या अशा एका उडीने मानेचा मणका मोडतो व उमेदीचा तरुण जन्माचा अंथरुणाला खिळतो.

आता पाणबुडीचा छंदही आला आहे. ग्रांदे बेटाकडे होडीतून, प्रशिक्षकासह जाणाऱ्यांविषयी आमचे म्हणणे नाही. पण खांबांभोवती मासळी जमते म्हणून मुखवटा चढवून किनाऱ्यावरूनच धक्क्याखाली शिरणे ही वेगळीच गोष्ट. खांबांना धारदार कालवे चिकटलेली, त्यांत फाटकी जाळी व गळाच्या दोऱ्या अडकलेल्या. वर येताना होडीचा पंखा. भरती पूर्ण होऊन पाणी स्थिरावते तेवढाच अवधी त्यातल्या त्यात सोयीचा. पाणबुड्या खाली असल्याची खूण सांगणारा निळा-पांढरा बावटा आपल्या किती नाखव्यांना ओळखता येतो?

2008 पासून राज्यात जीवरक्षकांची व्यवस्था आहे, पण ती मुख्यतः स्नानाच्या किनाऱ्यांसाठी. धक्क्यावर नुसती मनाईची पाटी ठोकून मुले थांबत नाहीत, हे सांगावयास समिती नको. बंदर कप्तान खात्याने व पंचायतींनी प्रत्येक धक्क्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहाव्यात. शिडी, दोर व तरंगते कडे हाताशी ठेवावे. पावसाळ्यातील ओहोटीत पाण्यात उतरण्यास सक्त बंदी करावी आणि उरलेल्या वर्षात होड्यांच्या वाटेपासून दूर एक जागा आखून द्यावी. ती जागा कोणती, हे कचेरीतील नकाशावरून ठरवू नये. खडकांवरचे शिणाणे काढणाऱ्यांना आणि रापणकारांना आधी विचारावे.