रात्रीच्या हाकेचे मोल

२०१५ सालच्या २८ जुलैच्या रात्री ठाकुर्लीतील मातृकृपा ही इमारत कोसळली आणि बरोबर आठवड्याने, ४ ऑगस्टच्या उत्तररात्री, ठाण्याच्या नौपाड्यातील कृष्णा निवास जमीनदोस्त झाले. या दुर्घटनांची आठवण धोकादायक इमारतींच्या संदर्भात निघते आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांत आणखी एक बोध आहे. शहरावरचे संकट कचेरीची वेळ पाहून येत नाही. जलवाहिनी फुटणे, सांडपाणी तुंबून चाळीत शिरणे, रस्त्यावर झाड आडवे होणे, या गोष्टी मध्यरात्रीही घडतात आणि त्या वेळी कोणी यावयाचे, हा प्रश्न उभा राहतो.

ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याणची १९८३ साली अस्तित्वात आली. ज्या १९४९ च्या अधिनियमाखाली त्या चालतात, त्याने पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि अग्निशमन ही बंधनकारक कर्तव्ये ठरविली आहेत. दिवसाचे कर्तव्य वेगळे आणि रात्रीचे वेगळे, असा भेद केलेला नाही. पावसाळ्यात नियंत्रण कक्ष चोवीस तास जागा असतो, हे खरे. परंतु नियंत्रण कक्ष तक्रार नोंदवितो, दुरुस्ती करीत नाही. ती करावी लागते ती चावीवाल्याला, फिटरला, गटारावरील कामगाराला आणि त्यांच्या मुकादमाला.

जेथे लेखी क्रमपत्रक नसते, तेथे हाक कोणाला जाते? जो जवळ राहतो आणि जो फोन उचलतो त्याला. परिणामी कर्तव्यदक्ष माणसावर बोजा वाढत जातो आणि टाळणारा निवांत झोपतो. ठेकेदाराच्या कामगाराची अवस्था याहून बिकट. नकार दिला तर उद्याच्या कामाची शाश्वती नाही. शिवाय बदलापूर, टिटवाळा, आसनगावकडे राहणाऱ्यास मध्यरात्रीनंतर लोकल मिळत नाही. त्याने यावे कसे, याचा विचार कागदावर कोठेच नसेल, तर हाक मारण्याला अर्थ उरत नाही.

प्रतीक्षा हेही काम

प्रत्येक प्रभागात पूर्ण रात्रपाळी ठेवणे आस्थापना खर्चात बसणार नाही, हा प्रशासनाचा युक्तिवाद निराधार नाही. कित्येक रात्री काहीच घडत नाही. पण त्यावरून कामगाराने घरी बसून हाकेची वाट फुकट पाहावी, असा निष्कर्ष निघत नाही. बेल्जियममधील निव्हेल नगराच्या एका अग्निशामकाला घरी असतानाही आठ मिनिटांत केंद्रावर हजर व्हावे लागे. हा प्रतीक्षाकाळ कामाचाच होय, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१८ साली दिला. त्याचा मोबदला किती, हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले. ज्याचे स्वातंत्र्य बांधले गेले त्याचा वेळ त्याचा राहिला नाही, हे त्यामागचे तत्त्व कोठेही पटण्याजोगे आहे.

यास्तव मार्ग मधला आहे. प्रत्येक प्रभागाचे क्रमपत्रक महिनाभर आधी लावावे. क्रमावर असलेल्यास प्रतीक्षेचा भत्ता, प्रत्यक्ष बोलावल्यास किमान ठरावीक तासांचा मोबदला, तोही जादा कामाच्या दुप्पट दराने, आणि रात्र जागल्यास दुसऱ्या दिवशी भरपगारी विश्रांती द्यावी. वाहन महानगरपालिकेने पाठवावे. हीच कलमे निविदेत घातली, तर ठेकेदारालाही ती टाळता येणार नाहीत.

पैशाहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेच्या नेतिवली परिसरात एका विहिरीतील विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांत दोघे अग्निशमन दलाचे होते. एकाला वाचविण्यासाठी दुसरा उतरला आणि तोही परतला नाही. ही घटना दिवसाढवळ्या घडली. मग अंधारात, अर्धवट झोपेत, एकट्याने धावून आलेल्या कामगाराचा धोका किती, हे सांगावयास नको. रात्रीच्या हाकेला किमान दोघे, वायू तपासण्याचे साधन आणि जबाबदार अधिकारी, यांवाचून कोणालाही खाली उतरविता कामा नये. ‘लवकर करा’ हा आदेश या नियमाहून मोठा ठरू नये.

भत्त्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. फुटलेल्या जलवाहिनीतून रात्रभर वाहून गेलेले पाणी आणि थकलेल्या कामगाराची चूक त्यात दिसत नाही. नागरिक नळ सोडतो तेव्हा त्यामागे कोणाची तरी मोडलेली झोप असते. ती झोप मोडण्याचा अधिकार शहराला आहे. मात्र तिचे मोल चुकविल्यावरच.