म्हाताऱ्या कुत्र्याचं टॉनिक

मैत्रिणींनो, घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं की येणारा-जाणारा एकेक औषध सुचवून जातो. म्हाताऱ्या कुत्र्याचंही तसंच. डॉक्टर 'लिव्हर खराब आहे' म्हणाले, की शेजारीण टॉनिकची बाटली आणून देते, भाचा पुण्याहून गोळ्या पाठवतो. "झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला?" म्हणून आपणही पाजून मोकळ्या होतो.

इथेच थोडं थांबावं. पोटात गेलेल्या बहुतेक औषधांची विल्हेवाट यकृतच लावतं. ते थकलेलं असताना दर नव्या औषधाने त्याचं काम वाढतं.

या टॉनिकांत बहुधा 'सिलिमॅरिन' हा एका काटेरी झाडाच्या बियांचा अर्क असतो, किंवा 'सॅमी' नावाचं द्रव्य. दोन्ही कुत्र्यांना सहसा मानवतात. फार तर उलटी, जुलाब होतात. लोमुस्टिन हे कॅन्सरचं औषध चालू असलेल्या कुत्र्यांना ही जोडी दिली, तर यकृताला कमी इजा होते, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे उपयोग आहे. पण मूळ उपचारांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

आता काही गोष्टी लक्षात ठेवा:

१. माणसांचं टॉनिक अंदाजाने देऊ नका. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते. बिनसाखरेच्या औषधांत कधी कधी झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याची साखर एकदम उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं.

२. ताप किंवा दुखण्यावर घरातली पॅरासिटामॉल मनाने मुळीच देऊ नये.

३. सॅमीची गोळी उपाशीपोटी आणि अख्खी द्यायची असते. कुटून भाकरीत घालू नका.

४. 'लिव्हरला लिव्हर' म्हणून बकऱ्याची कलेजी खाऊ घालू नका. तिच्यात तांबं भरपूर असतं, आणि काही कुत्र्यांच्या यकृतात तांबं साठूनच दुखणं झालेलं असतं. मांस-अंडी मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

५. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या-पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. फिट्सची गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा.

डोळे-हिरड्या पिवळ्या, लघवी गडद, पोट फुगलेलं, शौच काळी, किंवा कुत्रं भिंतीला डोकं लावून उभं, असं दिसलं तर टॉनिकच्या गुणाची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोचीडतापातही यकृत बिघडतं, आणि त्यावर वेगळं औषध लागतं. आपल्या मलकापूरहून महामार्गाने पुण्याकडे गेलं की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या डॉक्टरांना विचारून तिथे दाखवता येईल.

आणि दुखणं बरं होण्यापलीकडचं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "यातलं कोणतं औषध त्याला बरं वाटावं म्हणून आहे?" तेवढंच चालू ठेवा. दिवसातून चार वेळा जबडा उघडून औषध ओतण्यापेक्षा, शेवटच्या दिवसांत त्याला पायाशी निवांत झोपू देणं, हीही सेवाच आहे, नाही का?