समजून घ्या : फाशीची तरतूद केली की गुन्हे थांबतात का? संशोधन काय सांगते?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील शाळेत दोन चिमुकल्यांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे समोर आले. संतप्त नागरिकांनी रेल्वे स्थानकात तासन् तास रेल रोको करत आरोपीला फाशी देण्याची मागणी केली. अशा प्रत्येक घटनेनंतर हीच मागणी होते. पण शिक्षा वाढवली की गुन्हेगार खरेच घाबरतो का?

कायदे किती कडक झाले?

निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये बलात्कारात पीडितेचा मृत्यू झाल्यास फाशीची तरतूद झाली. २०१८ मध्ये १२ वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठीही ती आली. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये 'दिशा', महाराष्ट्राने २०२१ मध्ये 'शक्ती', तर पश्चिम बंगालने २०२४ मध्ये 'अपराजिता' विधेयक मंजूर केले. तिन्हींत फाशीची तरतूद होती. 'शक्ती'ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, त्यामुळे ते लागू झालेच नाही.

संशोधक काय म्हणतात?

शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री महत्त्वाची, असे इटलीचे विचारवंत चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच मांडले होते. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डॅनियल नेगिन यांच्या अभ्यासाचा निष्कर्षही तसाच आहे. शिक्षा किती मोठी, यापेक्षा 'आपण पकडले जाऊ' ही भीती गुन्हेगाराला जास्त रोखते. नेगिन यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये अमेरिकेतील फाशीविषयीचे अभ्यास तपासले. फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही, असे समितीने स्पष्ट केले.

भारतात न्या. वर्मा समितीने २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवादाशी संबंधित गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, असे सुचवले.

मग खरी अडचण कुठे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदवले गेले. त्या वर्षी निकाल लागलेल्या बलात्काराच्या खटल्यांपैकी २७.४ टक्के खटल्यांतच दोष सिद्ध झाला. म्हणजे चारपैकी जवळपास तीन खटल्यांत आरोपी सुटले. सर्वत्र गाजलेल्या निर्भया खटल्यातही दोषींना फाशी व्हायला सात वर्षांहून अधिक काळ लागला.

पहिली पायरी तर पोलीस ठाण्यातच अडते. बदलापूर प्रकरणात गुन्हा नोंदवायला झालेल्या विलंबावरून मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावले होते.

उलटा परिणाम होऊ शकतो?

बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. तो काका, शेजारी किंवा घरातलाच कुणी असेल आणि शिक्षा फाशीची असेल, तर तक्रार दाबण्यासाठी कुटुंबाचा दबाव वाढतो, असा इशारा बालहक्क कार्यकर्ते देतात. बलात्कार आणि खून या दोन्हींना फाशीच असेल, तर साक्षीदार उरू नये म्हणून पीडितेचा जीव घेतला जाण्याचा धोकाही ते दाखवतात.

थोडक्यात काय?

दुरुस्ती विधेयक एका दिवसात मंजूर होऊ शकते. तक्रार लगेच नोंदवणे, वैद्यकीय तपासणी वेळेत करणे, न्यायवैद्यक अहवाल न रखडणे, साक्षीदारांना संरक्षण आणि पुरेसे न्यायाधीश यांसाठी मात्र पैसा, माणसे आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. पकडले जाण्याची भीती यातूनच निर्माण होते. त्यामुळे पुढच्या वेळी कडक कायद्याची घोषणा झाली, तर शिक्षा किती वाढली याबरोबरच आधीच्या खटल्यांपैकी किती निकाली निघाले, हेही विचारायला हवे.