'किरकोळ' गुंतवणूकदार आणि बाजाराची बोली

शेअरबाजारात नव्याने उतरणाऱ्यांना तेथील बोलीचे अर्थ समजावून देणाऱ्या पुस्तिकांचे आणि शिकवण्यांचे सध्या पेव फुटले आहे. त्यांतील बहुतेक अर्थ चुकीचे नसतात, अर्धे असतात. प्रत्येक सौद्याला दोन बाजू असतात आणि पुस्तिका एकीचाच अर्थ सांगते.

'ब्लू चिप' म्हणजे जुन्या, भक्कम कंपनीचा शेअर, असे त्यांत लिहिलेले असते. हा शब्द पोकर या पत्त्यांच्या जुगारातून आला, तेथे निळी चकती सर्वांत मोलाची असते, हे लिहिलेले नसते. तेजीवाला भाव चढेल म्हणून घेतो, मंदीवाला उतरेल म्हणून विकतो, हे खरे. परंतु मंदीवाला पुष्कळदा स्वतःजवळ नसलेलाच माल विकतो, आजच्या भाषेत 'शॉर्ट' करतो. कापूस आगाऊ विकणाऱ्या शेतकऱ्याजवळ निदान शेत तरी असते.

आमच्या मराठी वृत्तपत्रांनी या बोलीत 'नफावसुली' या शब्दाची भर घातली आहे. बाजार पडला की दुसऱ्या दिवशी मथळा येतो : 'नफावसुलीमुळे घसरण'. वसुली सावकाराची असो की तलाठ्याची, ती कोणाकडून झाली हे गावाला ठाऊक असते. येथे ज्याने चढ्या भावाने घेतले त्याच्याकडून ती झाली, पण त्याचा उल्लेख मथळ्यात नसतो. तो पुष्कळदा 'किरकोळ गुंतवणूकदार' असतो. अपघाताच्या बातमीत 'किरकोळ जखमी' लिहितात तोच हा शब्द!

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर अनेक दशके 'बदला' चालत असे. हिशेबाच्या दिवशी पैसे भरण्याची ऐपत वा इच्छा नसलेला तेजीवाला आपला सौदा पुढच्या हिशेबावर ढकली; मधल्या काळात पैसे पुरवणारा त्याबद्दल व्याज घेई, तोच बदला. उलट, मंदीवाल्यांना देण्यासाठी शेअर मिळेनासे झाले की मोबदला त्यांनाच मोजावा लागे. तो 'उंधा बदला'. व्यवहार सावकारीचाच होता आणि त्यातून गैरप्रकारही झाले. तथापि कोण कोणाचे देणे लागतो हे त्या शब्दांत दिसत असे. सेबीने डिसेंबर १९९३ मध्ये बदला थांबवला, १९९६ मध्ये तो नव्या नियमांसह परतला आणि जुलै २००१ मध्ये संपला. तोवर त्याची जागा घेणारे आले होते : निर्देशांकाचे 'फ्युचर्स' जून २००० मध्ये आणि 'ऑप्शन्स' जून २००१ मध्ये सुरू झाले.

ऑप्शन म्हणजे ठरल्या मुदतीत ठरल्या भावाने घेण्याचा वा विकण्याचा हक्क. मुदत संपण्याच्या दिवशी हा हक्क कवडीमोलाने मिळतो. तो घेऊन नशीब अजमावण्याला तरुण मुले 'हिरो-झिरो' म्हणतात. ही बोली निदान प्रामाणिक आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या सौद्यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे सांगितले होते. पलीकडच्या बाजूला कोण होते? २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा मिळवला, आणि त्याचा बहुतेक भाग संगणकी आज्ञावलींनी केलेल्या सौद्यांतून आला. या विषमतेला पुस्तिकेत 'लिक्विडिटी' म्हणतात.

सरकारने काय केले? २०२४ मध्ये या सौद्यांवरील कर वाढवला. दारूबंदीचे भाषण करून अबकारी उत्पन्न मोजणाऱ्यांची येथे आठवण होते. दहापैकी नऊ जण तोट्यात जातात, ही सूचना सौदे करणाऱ्याला दाखवणे २०२३ पासून दलालांना बंधनकारक आहे. बोटाच्या एका स्पर्शाने ती नाहीशी होते. त्यापेक्षा आठवड्याच्या मुदतीचे ऑप्शन्स पूर्णपणे बंद करावेत आणि घोषित उत्पन्नाच्या प्रमाणात तोट्याची मर्यादा घालावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

परंतु आपल्या चळवळीने हा विषय 'भांडवलदारांचा जुगार' म्हणून बाजूला सारला आहे. दरम्यान, २०१५ पासून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग निर्देशांकाशी बांधलेल्या फंडांमार्गे शेअरबाजारात जातो. ज्या कामगाराने आयुष्यात शेअर घेतला नाही, त्याची म्हातारपणाची पुंजी तेथे आहे आणि त्याला कोणी विचारलेले नाही. त्या निधीच्या विश्वस्त मंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी बसतात. 'करेक्शन' हा शब्द तेथे उच्चारला गेला, तर कोणाच्या पुंजीतून काय वजा झाले, हे त्यांना तिथल्या तिथे विचारता आले पाहिजे. आपल्या अभ्यासवर्गांत मार्क्स आणि लोहिया यांच्या बरोबरीने ताळेबंद वाचायला शिकवण्याचा एक तास ठेवला, तर हे अवघड नाही.