व्हॉयेजर अजून बोलतंय, आपला हायमास्ट का बंद?

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा चौकाचौकात फटाके वाजले. वाजायलाच हवे होते. पण त्यानंतर आठ महिन्यांनी, २० एप्रिल २०२४ ला, अवकाशात आणखी एक गोष्ट घडली. तिच्यासाठी कुणी साधी लवंगी लावली नाही. माझ्या लेखी ती तितकीच मोठी.

'नासा'चं व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं. गुरू आणि शनी बघायचे, एवढंच मूळ काम. ते १९८० मध्येच उरकलं. यान पुढे जातच राहिलं आणि २०१२ मध्ये सौरवाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. माणसाने बनवलेली दुसरी कुठलीच वस्तू इतकी लांब गेलेली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये या यानाकडून अर्थ न लागणारा डेटा यायला लागला. अंतर तब्बल २४०० कोटी किलोमीटर. इथून संदेश पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. पाना घेऊन जाणार कोण? कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांनी कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रं बाहेर काढली, महिनोन् महिने खपले आणि दोष पकडला. मेमरीची एक चिप गेली होती. तिच्यातल्या प्रोग्रॅमचे तुकडे करून ते उरलेल्या मेमरीत, जागा मिळेल तिथे बसवले. २० एप्रिलला यानाने आपली तब्येत पुन्हा नीट कळवली.

बरं, यानाची वीजही दरवर्षी साधारण ४ वॅटने घटते. म्हणून आज हे उपकरण बंद, उद्या तो हीटर बंद, असं करत त्याला जगवतात.

आता आपल्याकडे बघा. हायमास्ट दिव्याच्या लोकार्पणाला स्टेज, हार, फोटो. सहा महिन्यांनी दिवा गेला की वायरमन म्हणतो, "साहेब, सामान नाही." शाळेतले कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कव्हरात झोपलेले. बागेतल्या ओपन जिमचं पॅडल गायब. वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतोय, भूमिपूजनाची आमंत्रणं ढिगाने आली. देखभालीच्या कार्यक्रमाचं एकही आलं नाही.

काही जण म्हणतील, नासाकडे पैसा आहे हो. आहे. पण या दुरुस्तीत नवा एक स्क्रूसुद्धा लागला नाही, लावणं शक्यच नव्हतं. कामाला आले ते जपून ठेवलेले कागद आणि ठरवून दिलेली माणसं. आपल्याकडे पाइपलाइन कुठून कुठे जाते हे जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतं. तो रिटायर झाला की जेसीबीने रस्ता खोदून शोधायचं. नकाशा काढून ठेवायला असे किती पैसे लागतात?

म्हणून पुढच्या लोकार्पणाला टाळ्या जरूर वाजवा, पण दोन प्रश्न विचारा. देखभालीची तरतूद किती? आणि बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?

उत्तर मिळालं तर मला कळवा, छापतो. नाही मिळालं तरी कळवा, तेही छापतो.